मोगलीच्या आधीचे हत्ती

रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ लंडनच्या मॅकमिलन कंपनीने १८९४मध्ये पुस्तकरूपाने काढलं, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर मोगली नव्हता. निळ्या कापडी बांधणीवर सोनेरी ठशात उमटवलेले हत्ती होते. पानांच्या कडाही सोनेरी होत्या. उघडं पोर नाही, अस्वल नाही, काळा बिबट्या नाही, वाघ तर नाहीच. त्या वर्षी ज्याने हे पुस्तक दुकानात हातात घेतलं असेल, त्याला आत हत्ती भेटतील असं वाटलं असणार. आणि ते भेटतातही.

आज हे ऐकून नवल वाटतं, कारण ‘जंगल बुक’ म्हणजे मोगली हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण या पुस्तकात गोष्टी आहेत सात, आणि त्यातल्या मोगलीच्या फक्त तीन. उरलेल्या चारांत रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची एक आहे. कोटिक नावाच्या पांढऱ्या सीलची एक आहे, आणि ती घडते थेट बेरिंग समुद्रात, जिथे जंगल औषधालाही नाही. लष्कराच्या छावणीत रात्री एकमेकांशी बोलणाऱ्या जनावरांची एक आहे. आणि छोट्या तुमाईची एक: माहुताच्या या पोराला गारो टेकड्यांत हत्तींचा नाच पाहायला मिळतो, जो कोणा माणसाने कधी पाहिलेला नसतो. पुढच्याच वर्षी, १८९५मध्ये आलेल्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये आठ गोष्टी, त्यात मोगलीच्या पाच. म्हणजे दोन्ही पुस्तकं मिळून पंधरांपैकी सात गोष्टींत मोगलीचा पायही पडत नाही.

हत्ती मात्र पहिल्या पुस्तकात ठिकठिकाणी आहे. तुमाईच्या गोष्टीत तो नायकाच्या बरोबरीचा आहे, छावणीतल्या गोष्टीत तोफ ओढणारा आहे, आणि मोगलीच्या गोष्टीत हाथी नावाने, जंगलातलं सर्वांत जुनं ज्ञान राखणारा म्हणून त्याचा उल्लेख येतो. सातही गोष्टींना एकच मुखपृष्ठ द्यायचं, तर मलाही हत्तीहून योग्य प्राणी सुचत नाही.

मी व्यवसायाने हिशेबनीस. साहित्याचं किंवा चित्रकलेचं रीतसर शिक्षण माझं झालेलं नाही. गेली बावीस वर्षं जुन्या बालपुस्तकांच्या प्रती पदपथांवरून, रद्दीच्या दुकानांतून, कधी कोणाच्या घर-आवरणीतून जमवत आलो. ‘जंगल बुक’च्या चौदा प्रती माझ्याकडे आहेत. सगळ्या पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे करून नुसती मुखपृष्ठं मांडली, तर ही चौदा वेगवेगळी पुस्तकं आहेत असंच कोणीही म्हणेल. गंमत म्हणून सुरू झालेल्या या मांडामांडीतून एक प्रश्न मागे लागला. लेखक तोच, मजकूरही बराचसा तोच, मग वाचणाऱ्या पोराच्या मनात आधीच काय तयार झालेलं असतं, आणि ते कोण तयार करतं?

दिवाळी अंकाच्या वाचकाला मुखपृष्ठाची ताकद मी वेगळी सांगायला नको. दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, तेव्हापासून कितीतरी घरांत अंक आधी पाहिला गेला आणि मग वाचला गेला. पण दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दरवर्षी नवं असतं आणि आतला मजकूरही नवा. अभिजात पुस्तकाचं तसं नाही. मजकूर जागचा हलत नाही आणि वरचं चित्र दर पिढीला बदलतं, म्हणून तिथे फरक मोजता येतो.

आता थोडं मुंबईकडे वळू, कारण या पुस्तकातल्या चित्रांचं मूळ तिथे आहे. रुडयार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक म्हणून आले आणि १८७५पर्यंत तिथे होते. त्याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी रुडयार्डचा जन्म झाला. (आवारातल्या ज्या बंगल्याला त्याचं नाव जोडलं जातं, तो नंतर बांधलेला आहे. लोक त्याच्याचसमोर उभे राहून फोटो काढतात.) क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, तिच्या दरवाजांवरची उठावशिल्पं आणि आतलं कारंजं ही लॉकवुड यांची कामगिरी. मी मंडईत दोन वेळा केवळ ती शिल्पं बघायला गेलो. फळवाल्यांना मी काहीच घेत नाही याचंच कुतूहल जास्त होतं. वर मान करून पाहिलं की कळतं, या माणसाने इथली कष्टकरी माणसं आणि त्यांच्या उभं राहण्याच्या ढबी नीट निरखल्या होत्या. पुढे ते लाहोरला मेयो कलाशाळेत गेले आणि १८९१मध्ये हिंदुस्थानातली जनावरं आणि माणसं यांच्या संबंधावर त्यांनी एक जाडजूड सचित्र पुस्तक लिहिलं. बैल कसा सजवतात, हत्तीला कसं वागवतात, माकडाबद्दल लोक काय मानतात, असं सगळं त्यात आहे. मुलाच्या ‘जंगल बुक’ला मिळालेलं हे बियाणं.

मुलगा मात्र सिवनीच्या जंगलात कधी गेला नव्हता. या गोष्टी त्याने अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो इथे बसून लिहिल्या. सिवनीच्या रानाची माहिती त्याने स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याच्या १८७७च्या पुस्तकातून घेतली. पहिल्या आवृत्तीत तीन चित्रकारांची चित्रं होती: स्वतः लॉकवुड, डब्ल्यू. एच. ड्रेक आणि पी. फ्रेन्झेनी. काही गोष्टी आधी अमेरिकेतल्या ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात आल्या होत्या. तिघांचे हात वेगवेगळे असल्याने पुस्तक आतून जरा गोधडीसारखं दिसतं. दुसऱ्या पुस्तकाची सजावट एकट्या लॉकवुड यांची आहे आणि ती कितीतरी एकजीव वाटते.

बांधणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी मुखपृष्ठ म्हणजे कापडावरचा ठसा. पितळी ठसा कोरून घ्यायचा, तापवायचा, सोन्याचा वर्ख ठेवून दाबायचा. ठसा महाग, म्हणून एकदा कोरला की पुढच्या छपायांनाही तोच वापरायचा. वर कागदी वेष्टन असलंच तर ते धूळ लागू नये म्हणून; घरी नेल्यावर लोक ते टाकून देत. त्यामुळे मुखपृष्ठ फार बोलत नसे. एखादी खूण, एखादा प्राणी, बस्स. गोष्टीतला प्रसंग चार रंगांत उलगडून दाखवण्याची सोय नव्हती, आणि मला वाटतं पोराच्या कल्पनेला त्यामुळे मोकळं रान मिळत असे.

अशा कमी बोलणाऱ्या मुखपृष्ठाचं काय होऊ शकतं, याचं सगळ्यात विलक्षण उदाहरणही किपलिंगच्याच पुस्तकांवर आहे. मॅकमिलनच्या लाल बांधणीच्या आवृत्त्यांवर लॉकवुड यांनी केलेलं एक गोल चिन्ह असे: सोंडेत कमळ धरलेलं हत्तीचं मस्तक, आणि सोबत स्वस्तिक. आपल्या डोळ्यांना हा सरळसरळ गणपतीचा कारभार वाटतो. माझ्याकडे अशी एक छोटी लाल प्रत आहे. ती घरी आणली तेव्हा माझ्या आईने तिला हात जोडले होते. दुकानाची नवी चोपडी असावी असा तिचा समज झाला. १९३०च्या दशकात हिटलरच्या पक्षाने ते चिन्ह पार बाटवल्यावर किपलिंगने आपल्या पुस्तकांवरून स्वस्तिक काढायला लावलं. हत्ती आणि कमळ राहिलं. त्यामुळे स्वस्तिक असलेली प्रत त्याआधीची, हे संग्राहकाला लगेच कळतं. पण ज्याला हा इतिहास माहीत नाही तो युरोपातला वाचक आज ती प्रत हातात घेतो आणि लेखकाबद्दल भलतंच मत करून बसतो. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी फोटो पाठवला, तर त्याचं पहिलं उत्तर आलं, ‘मामा, हे पुस्तक इकडे घेऊन येऊ नका हं.’ किपलिंगच्या साम्राज्यवादी विचारांवर टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती केलीच पाहिजे. पण ती त्याच्या लेखनावरून व्हावी, वडिलांनी काढलेल्या शुभचिन्हावरून नव्हे.

हत्ती मागे हटून मोगली पुढे कसा आला, ते आता पाहू. १९०३मध्ये मॉरिस आणि एडवर्ड डेटमोल्ड या जुळ्या भावांनी ‘जंगल बुक’वर सोळा रंगीत चित्रं केली. त्यांतले प्राणी इतके रुबाबदार आहेत की त्यांच्यापुढे माणूस बिचारा वाटतो. मग १९१६मध्ये बेडन-पॉवेलने लहान बालवीरांसाठी ‘वुल्फ कब’ची पुस्तिका काढली आणि तिचा सगळा डोलारा मोगलीच्या गोष्टींवर उभा केला. अकेला, बालू, बगीरा ही नावं जगभरच्या शाळांच्या पटांगणांत ऐकू येऊ लागली. मुंगूस आणि सील मात्र बालवीरांच्या कामाचे नव्हते. १९३३मध्ये मॅकमिलननेच फक्त मोगलीच्या गोष्टी वेगळ्या काढून, स्टुअर्ट ट्रेसिलियनच्या चित्रांसह, एक स्वतंत्र पुस्तक केलं. माझ्या मते खरी फाळणी इथे झाली. तोपर्यंत वाचकाने मनातल्या मनात केलेली निवड आता प्रकाशकाने बांधणीतच करून दिली. यात वाईट हेतू नव्हता आणि ट्रेसिलियनची चित्रं तर उत्तमच आहेत. पण ‘सात गोष्टींचं पुस्तक’ इथून पुढे ‘एका मुलाचं पुस्तक’ होत गेलं.

ऑक्टोबर १९६७मध्ये डिस्नेचा चित्रपट आला. तो तयार होत असताना वॉल्ट डिस्नेने आपल्या लोकांना मूळ पुस्तक वाचू नका असं बजावलं होतं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनी ते मनापासून पाळलेलं दिसतं. पुस्तकातला बालू कडक गुरुजी आहे; जंगलाचा कायदा पाठ करून घेतो आणि चुकलं की फटका देतो. लाड करतो तो बगीरा. चित्रपटात दोघांच्या भूमिका चक्क उलट झाल्या: बालू आळशी आणि गाणारा, बगीरा शिस्तीचा. का हा अजगर पुस्तकात मोगलीचा तारणहार आणि सल्लागार आहे. चित्रपटात तो संमोहन करून पोर गिळायला टपलेला. माकडांना राजा नाही, कायदा नाही, हीच किपलिंगच्या माकडांची मुख्य गोष्ट. चित्रपटाने त्यांना लुई नावाचा राजा दिला. चित्रपट म्हणून तो मला आवडतो, गाणी तर फारच. माझी तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. त्यानंतर निघालेल्या असंख्य पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर चित्रपटातलं जग आलं, आणि आत मात्र कधी पूर्ण, कधी कापलेला किपलिंगच राहिला.

आपल्याकडे यात कायद्याचा एक धागा मिसळला. किपलिंग १९३६च्या जानेवारीत वारला. तेव्हाच्या आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी हक्क संपत, त्यामुळे १९८७पासून त्याचा मजकूर कोणालाही छापता येऊ लागला. पुढे १९९३मध्ये दूरदर्शनने रविवारी सकाळी जपानी बनावटीची मोगली मालिका हिंदीतून दाखवायला सुरुवात केली. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ज्यांचं बालपण त्या काळात गेलं त्यांना आणखी काही सांगायची गरज नाही. मजकूर फुकट आणि मोगली घराघरांत, असा योग जुळल्यावर प्रकाशकांनी तो साधला यात नवल नाही. पण गोष्ट मोफत असली तरी डिस्नेची किंवा जपानी मालिकेची चित्रं मोफत नव्हती. मग चित्रकाराला सांगितलं जाई, ‘तसाच काढ, पण तोच नको.’ माझ्याकडच्या स्वस्त प्रतींपैकी बऱ्याच या जातीच्या आहेत. बालू थोडा जास्त तपकिरी, मोगलीची चड्डी लालऐवजी केशरी, बगीऱ्याच्या डोळ्यांत हिरवाऐवजी पिवळा रंग. नकलेची नक्कल. चित्रकाराला मूळ गोष्ट वाचायला कोणी वेळ दिला होता असं या चित्रांवरून वाटत नाही.

मूळ मोगली तर जंगलात कपडेच घालत नाही. आणि तो वाढतो. पहिल्या गोष्टीच्या सुरुवातीला तो नुकता चालायला लागलेला आहे, शेवटच्या गोष्टीत जवळजवळ सतरा वर्षांचा. मुखपृष्ठांवर मात्र त्याचं वय कायम दहा.

आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी मी मुलांना गोष्टी सांगतो. समोर इंग्रजी पान आणि तोंडाने मराठी, अशी ती पद्धत. मागच्या वर्षी मोगलीच्या गोष्टी घेतल्या. पुस्तकावर नाचणारा बालू होता. दुसऱ्या रविवारी पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘काका, तुम्ही चुकीचं सांगताय. बालू मारत नाही.’ मी पान दाखवलं, ओळ वाचली. ती काही केल्या पटवून घेईना. ‘मग चित्र असं का काढलंय?’ एका मुलाचा राजा लुई कधी येणार हा धोशा तीन आठवडे चालला. तो येणार नाही हे कळल्यावर तो यायचाच बंद झाला. मला हे लागलं. त्या मुलाला पुस्तक आवडलं नाही म्हणून तो गेला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पुस्तकं न आवडण्याचा मुलांना पूर्ण अधिकार आहे. पण तो ज्याची वाट पाहत होता ते या पुस्तकात कधी नव्हतंच.

इतर देशांत अशा वेळी वाचक भांडलेले आहेत. कॅनडातल्या ल्युसी मॉड माँटगोमेरीच्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ची एक आवृत्ती २०१३मध्ये चर्चेत आली. तिच्यावर सोनेरी केसांची तरुणी होती, आणि अ‍ॅनचे केस लाल आहेत म्हणून तर अर्ध्या गोष्टी घडतात. वाचक इतके खवळले की ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०१४मध्ये पेंग्विनने रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ला प्रौढांच्या मालिकेत घेतलं आणि वर एका फॅशनच्या छायाचित्रातली, बाहुलीसारखी सजवलेली मुलगी छापली. तेव्हाही गदारोळ झाला. प्रकाशकाचं म्हणणं होतं की डालच्या लेखनातली काळी छटा दाखवायची होती. मला ते म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही; त्या गोष्टीत काळेपणा आहेच. पण चार्ली मुलगा आहे, गरीब आहे, उपाशी आहे, आणि त्या मुखपृष्ठावर यातलं काहीच नाही.

मोगलीसाठी आपण भांडलो नाही, आणि तसं भांडायचा हक्क कोणाहून आपलाच जास्त होता. ज्या वैनगंगेच्या काठी ही गोष्ट घडते, ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा, गडचिरोलीतून आपल्याच दारावरून वाहते. मोगलीच्या सगळ्यात थरारक गोष्टीत दक्षिणेतून, दख्खनमधून, दोनशे कोळसुंद्यांची झुंड लांडग्यांच्या मुलखावर चालून येते. का अजगर युक्ती सांगतो. मोगली त्या रानकुत्र्यांना स्वतःच्या मागे पळवत नेतो, वैनगंगेच्या कड्यांवरची मोहोळं उठवतो आणि पाण्यात उडी घेतो. मग रात्रभर लढाई होते आणि म्हातारा अकेला मोगलीसमोर प्राण सोडतो. विदर्भातल्या माणसाला कोळसुंदे आणि आग्या मोहोळ या दोन्हींबद्दल काही वेगळं सांगावं लागत नाही. तरी माझ्या चौदांपैकी एकाही मुखपृष्ठावर कोळसुंदा नाही.

ती गोष्ट झाल्यावर मी मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, आता तुम्ही मुखपृष्ठ काढा. बहुतेकांनी लाल चड्डीतला मुलगा काढला, तो त्यांच्या बोटांत बसलेलाच होता. पण काहींनी त्याच्या भोवती काळे ठिपके भरून माश्या काढल्या, आणि बालू मारत नाही म्हणणाऱ्या त्या मुलीने मोगली काढलाच नाही. पानभर नदी, वर कडा, आणि पाण्यात पडणारी लाल कुत्री. बालू कुठे गेला असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘तो मागच्या पानावर शिकवतोय.’

एवढं सगळं लिहून झाल्यावर चौदाही प्रती पुन्हा उघडून पाहिल्या. जुन्या प्रतींत चित्रकारांची नावं छापलेली आहेत. १९८७नंतरच्या आपल्याकडच्या बहुतेक प्रतींत लेखक आहे, प्रकाशक आहे, मुद्रकाचा पत्ता आहे, किंमत आहे. मुखपृष्ठ कोणी काढलं ते नाही. एका प्रतीत चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, बालूच्या पायाशी, दोन अक्षरांची सही दिसते. ती वाचायचा मी भिंगाने बराच प्रयत्न केला. छपाईत रंग किंचित सरकल्यामुळे दुसरं अक्षर गवतात मिसळून गेलं आहे.